उभ्या स्कूटरचा तोल : स्टँड, जमीन आणि वाहनतळ यांचा आढावा

प्रश्नाची व्याप्ती

चालत्या स्कूटरचा तोल वेग आणि चालक मिळून सांभाळतात. गाडी थांबली की ते काम स्टँड आणि जमिनीवर येते. उभी केलेली स्कूटर कलंडते तेव्हा दोष बहुतेक वेळा या दोहोंपैकी एकात किंवा त्यांच्या जुळणीत असतो. घरोघर दिसणारी बिनगिअरची स्कूटर साधारण १०५ ते ११० किलो वजनाची असते. ती आडवी झाली की आरसा, ब्रेकचा लिव्हर, इंडिकेटर आणि बाजूचे पॅनेल आधी जाते. शेजारी लहान मूल असेल तर मामला खर्चावर भागत नाही.

या विषयातली चर्चा तीन अंगांनी होते. गाडी डबल स्टँडवर लावावी की साइड स्टँडवर, हे पहिले अंग. जमीन, उतार, वारा आणि गाडीवरचे सामान यांचा वाटा किती, हे दुसरे. जागा आखून देणारी नगरपरिषद, गाडी बनवणारी कंपनी आणि गाडी लावणारा माणूस यांच्यात जबाबदारी कशी वाटली जाते, हे तिसरे. बीड जिल्ह्यात ही तिन्ही अंगे एकत्र भेटतात. अकरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात गेवराई-माजलगावकडे गोदावरीकाठची काळी जमीन आहे. पाटोदा, धारूर, अंबाजोगाई या बाजूला बालाघाटचे चढउतार आहेत. बीड शहरात सुभाष रोडसारखी गजबजलेली बाजारपेठ आहे. एकच स्कूटर आठवडाभरात डांबरी रस्ता, मुरूम, काळी माती आणि सिमेंटचे गट्टू अशा सगळ्यांवर उभी राहते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात स्कूटर रुजली ती मुंबईत जुळणी होणाऱ्या लँब्रेटामुळे आणि पुढे बजाजमुळे. बजाजने इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्याने १९६०च्या दशकात व्हेस्पा बनवली आणि १९७२ मध्ये चेतक बाजारात आणली. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समधून प्रिया निघू लागली. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि दुचाकीचा उद्योग मराठवाड्यात आला.

त्या पिढीतल्या गाड्यांची ठेवण उभे करण्याच्या दृष्टीने वेगळी होती. चेतकचे इंजिन मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला असे आणि डाव्या बाजूला कुलपाची डिकी. त्यामुळे वजन उजवीकडे जास्त पडे. गाडी उभी करायची ती मधल्या, म्हणजे डबल स्टँडवर, हाच प्रघात होता. साइड स्टँड पुष्कळदा बाहेरून बसवून घेतला जाई, आणि तो किती लांब व किती कलता ठेवायचा हे बसवणाऱ्या मिस्त्रीच्या अंदाजावर राही. या गाडीला एक सोय मात्र होती. गिअर हाताने पडत असल्यामुळे गाडी गिअरमध्ये टाकून ठेवता येई आणि चाक आपोआप फिरत नसे.

१९८४ मध्ये आलेल्या कायनेटिक होंडाने बिनगिअरची स्कूटर इथल्या रस्त्यावर आणली. २००१ मध्ये होंडाची अ‍ॅक्टिवा आली आणि पुढच्या काळात हाच प्रकार सर्रास झाला. बटणावर सुरू होणारी, साडी नेसूनही चालवता येणारी ही गाडी शिक्षिका, परिचारिका, दुकानदार, महाविद्यालयीन मुली अशा सगळ्यांच्या हाती गेली. साइड स्टँड कंपनीकडूनच बसवून येऊ लागला. गिअर गेल्यामुळे उतारावरचा एक आधारही गेला. या गाड्यांत क्लच केंद्रोत्सारी असतो, म्हणजे इंजिन वेगाने फिरू लागल्यावरच तो चाकाला धरतो. इंजिन बंद असताना मागचे चाक मोकळे असते. उभी गाडी जागची हलू नये यासाठी ब्रेकला कुलूप घालण्याची सोय द्यावी लागली ती यामुळेच. डाव्या लिव्हरजवळ बोटाने अडकवायची लहान क्लिप म्हणून ती आज अनेक गाड्यांवर दिसते, पण वापर फार थोडे जण करतात.

गाडी उभी राहते कशी

दोन चाकांचे टेकू एका रेषेत असतात, त्यामुळे स्कूटर त्यांच्यावर आपण होऊन उभी राहू शकत नाही. तिसरा टेकू मिळाला की जमिनीवर एक त्रिकोण तयार होतो. गाडीच्या गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली उभी रेषा त्या त्रिकोणाच्या आत पडते तोवर गाडी उभी राहते. ही रेषा त्रिकोणाच्या कडेपासून जितकी आत, तितका धक्का, वारा किंवा उतार सोसण्याची ताकद जास्त. तिवईचे गणितही हेच आहे.

डबल स्टँडवर हा त्रिकोण स्टँडचे दोन पाय आणि एक चाक मिळून होतो. आजच्या बहुतेक बिनगिअर गाड्यांत मागचे चाक उचलले जाते आणि पुढचे जमिनीवर राहते. गाडी सरळ उभी असते आणि डावीउजवीकडे तिची स्थिरता सारखी असते. साइड स्टँडवर त्रिकोण दोन चाके आणि डावीकडचा एक पाय यांचा होतो. गाडी डावीकडे कलते. चाकांच्या रेषेपासून वजन थोडेच डावीकडे गेलेले असते, म्हणून उजवीकडे ढकलणारा धक्का हा या स्थितीचा कमकुवत दुवा ठरतो.

दोन्ही स्टँडना एक गोष्ट समान आहे. दोन्ही मागच्या बाजूला मिटतात. गाडी पुढे सरकली की स्टँड मिटू लागतो. मागे रेटली गेली तर तो अडसरावर घट्ट बसतो. उतारावर गाडीचे तोंड चढाकडे असावे, हा नियम यातूनच निघतो.

डबल स्टँडची बाजू

डबल स्टँडच्या बाजूने पहिला मुद्दा स्थिरतेचा आहे. युरोपीय समुदायाने १९९३ मध्ये दुचाकींच्या स्टँडसाठी जो निर्देश काढला, त्यात हा फरक आकड्यांत उतरला आहे. मोटारसायकल वर्गातली गाडी कलत्या फळीवर ठेवून तपासली जाते. साइड स्टँडवर तिने आडव्या दिशेने ६ टक्के कल सोसावा, तोंड उताराकडे असताना ६ टक्के आणि चढाकडे असताना ८ टक्के, अशी अपेक्षा आहे. मधल्या स्टँडसाठी हेच आकडे अनुक्रमे ८, ८ आणि १४ टक्के आहेत. ६ टक्के म्हणजे एक मीटर रुंदीत ६ सेंटिमीटरचा फरक. मधल्या स्टँडकडून अपेक्षा सगळीकडेच जास्त आहे आणि तोंड चढाकडे असताना तर खूपच जास्त.

दुसरा मुद्दा जागेचा. सरळ उभी गाडी रांगेत कमी रुंदी घेते. तिसरा मुद्दा दीर्घ मुक्कामाचा. ऊसतोडीसाठी सहा-सहा महिने बाहेर जाणारी कुटुंबे आणि पुण्याला नोकरीसाठी राहणारी मुले गाडी घरी ठेवून जातात. अशा वेळी टायरमधली हवा हळूहळू उतरते. डबल स्टँडवर मागचे चाक जमिनीला टेकलेले नसल्याने त्यातली हवा गेली तरी गाडीचा तोल बदलत नाही.

या बाजूची मोठी अडचण आहे गाडी स्टँडवर चढवण्याची. त्यासाठी जोर लागतो असा समज आहे. खरे तर पद्धत लागते. गाडी सरळ धरायची, स्टँडचे दोन्ही पाय एकदम जमिनीला टेकले आहेत याची खात्री करायची, डावा हात हँडलवर आणि उजवा हात सीटमागच्या कडीवर ठेवायचा, आणि उजव्या पायाने आपले सगळे वजन स्टँडच्या दांडीवर टाकायचे. उचलण्याचे काम वजन करते, हात फक्त दिशा देतात. एकच पाय टेकलेला असताना जोर लावला तर गाडी अंगावर येते. पद्धत माहीत असूनही साडीत, पायात सपाट चप्पल असताना, वयोमानाने किंवा गुडघेदुखीत हे जड जाते. गंजलेली पिन, झिजलेले बुश आणि वंगण न मिळालेला सांधा असला की तरुणालाही घाम फुटतो.

दुसरी अडचण पुढच्या वजनाची. पुढच्या हुकाला भाजीच्या पिशव्या आणि पायाजवळ पेंडीचे पोते असले की गुरुत्वमध्य पुढे सरकतो. अशी गाडी पुढे ढकलणाऱ्या धक्क्याने स्टँडवरून सहज उतरते. मागचे चाक हवेत असल्याने त्याला लावलेला ब्रेकही तिला धरत नाही.

साइड स्टँडची बाजू

साइड स्टँडच्या बाजूने सर्वांत मोठा युक्तिवाद सोयीचा आहे, आणि सोय ही सुरक्षेला परकी गोष्ट नाही. जी कृती माणूस दिवसातून दहा वेळा बिनचूक करू शकतो ती, कधीमधीच नीट जमणाऱ्या कृतीपेक्षा भरवशाची, असे हा पक्ष मानतो. पायाच्या एका हालचालीत स्टँड लागतो आणि गाडी उचलावी लागत नाही. दुकानासमोर दोन मिनिटे थांबायचे असेल तर साइड स्टँड पुरेसा आहे, याबद्दल फारसा वाद नाही.

शिवाय या स्थितीत दोन्ही चाके जमिनीवर असतात, म्हणून मागच्या ब्रेकचे कुलूप खरोखर कामी येते. हँडल पूर्ण डावीकडे वळवून लॉक केले की पुढच्या चाकाचा टेकूही स्थिर होतो. हँडल उजवीकडे वळलेले असले तर स्थिरता कमी होते. कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांत ही सूचना असते. वाचली मात्र क्वचितच जाते.

साइड स्टँडचे तोटे तीन. पहिला, तो सगळा भार एका लहान पायावर घेतो. दुसरा, त्याचा कल गाडीच्या उंचीवर अवलंबून असतो. सीटवर कोणी बसले, डिकीत आणि मागे वजन ठेवले की शॉकअ‍ॅब्सॉर्बर दबतात आणि गाडी खाली बसते. स्टँड मात्र तेवढाच लांब राहतो. परिणामी गाडी डावीकडे कलण्याऐवजी सरळ होऊ लागते आणि हलक्या धक्क्यानेही उजवीकडे पडू शकते. चाकातली हवा गेल्यावरही हेच घडते. बाभळीचा काटा लागून रात्रभरात हवा उतरलेली गाडी सकाळी उजव्या कुशीवर सापडते, त्यामागे चोर किंवा मांजर असण्यापेक्षा हे कारण जास्त संभवते. जाड टायर किंवा वेगळे शॉकअ‍ॅब्सॉर्बर बसवले तर उलट होते : गाडी उंच होते, कल वाढतो आणि स्टँडवर जास्त भार येतो.

तिसरा तोटा गाडी निघताना दिसतो. स्टँड तसाच राहिला तर डाव्या वळणावर तो रस्त्याला टेकतो आणि चालक फेकला जातो. शेजारून जाणाऱ्याने “स्टँड, स्टँड!” म्हणून ओरडणे हा महाराष्ट्रातल्या रस्त्यावरचा न लिहिलेला शिष्टाचार आहे. यावर यांत्रिक उपाय निघाले आहेत; त्यांचा विचार पुढे येतो.

पडलेल्या गाडीची बाजू पाहून कारणाचा बराचसा अंदाज येतो. गाडी डावीकडे पडली असेल तर स्टँड रुतला, मिटला किंवा त्याखालची जमीन खचली. उजवीकडे पडली असेल तर धक्का, वारा, उजवीकडचा उतार, वजन किंवा हवा गेलेले चाक यांपैकी काही तरी. उजव्या बाजूला सायलेन्सर, अ‍ॅक्सिलरेटर आणि पुढच्या ब्रेकचा लिव्हर असतो, म्हणून तिकडचे पडणे सहसा जास्त खर्चाचे असते.

जमीन, उतार आणि वारा

वरच्या दोन्ही बाजू कठीण आणि सपाट जमीन गृहीत धरतात. युरोपीय चाचणीची फळीही सपाट, कठीण आणि कोरडी असते. बीड जिल्ह्यातली जमीन ही अट क्वचितच पाळते.

काळ्या मातीत पाणी धरून फुगणारी चिकण असते. पावसाळ्यात ती लोण्यासारखी मऊ होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. शेताच्या बांधावर किंवा पाणंद रस्त्यावर साइड स्टँड लावला की गाडीच्या वजनाचा थोडाच भाग त्यावर येत असला, तरी पायाचा तळ इतका लहान असतो की तो रुतत जातो. गाडी लावताना ठीक दिसते आणि अर्ध्या तासाने आडवी होते. डबल स्टँडवर भार बराच जास्त येतो. दोन्ही पाय सारखे रुतले तर वर उचललेले चाक जमिनीला टेकते आणि गाडी स्थिरावते. एकच रुतला तर ती त्या बाजूला जाते. मऊ जमिनीत कोणता स्टँड बरा, यावर म्हणूनच एकमत नाही. उपायाबद्दल मात्र आहे : पायाखाली सपाट दगड, विटेचा तुकडा, शहाबादी फरशीचा कपटा किंवा लाकडी फळी. अनेक जण वेल्डिंगच्या दुकानातून साइड स्टँडच्या पायाला लोखंडी चकती जोडून घेतात. त्याने रुतणे थांबते. मात्र चकतीच्या जाडीइतका स्टँड लांब होतो आणि कल तेवढा कमी होतो. चकती पातळ आणि रुंद असावी, जाड नसावी.

उन्हाळ्यात तापमान चाळिशीपार गेले की डांबरही मऊ पडते. दुपारभर उन्हात उभ्या असलेल्या गाड्यांच्या स्टँडच्या खुणा डांबरात उमटलेल्या दिसतात. मुरमावर आणि खडीवर पाय रुतत नाही, घसरतो. गट्टू बसवलेल्या जागेत एखादा गट्टू हलत असेल तर त्यावर स्टँड ठेवणे धोक्याचे.

उताराचा हिशेब दोन दिशांनी करावा लागतो. भारतातल्या डांबरी रस्त्याला पाणी निथळण्यासाठी मध्यापासून कडेकडे साधारण २ ते २.५ टक्के ढाळ दिलेला असतो. डाव्या कडेला समांतर लावलेली गाडी त्यामुळे साइड स्टँडच्या बाजूला किंचित जास्त कलते, पण मर्यादेत राहते. चाके डांबरावर आणि स्टँड खचलेल्या साइडपट्टीवर आला की ही मर्यादा ओलांडली जाते. रस्त्याच्या उजव्या कडेला लावलेल्या गाडीचे उलट होते. ढाळ तिला सरळ करतो आणि उजवीकडच्या पडण्याला वाट मिळते. मांजरसुंबा किंवा धारूरच्या घाटात रस्त्याचा लांबीच्या दिशेचा चढही मोजावा लागतो. तिथे तोंड चढाकडे आणि ब्रेकला कुलूप, एवढे तरी लागतेच. शक्य असल्यास घाटात न थांबता सपाट जागी थांबावे, हा सल्ला सगळेच पक्ष देतात.

वाऱ्याचा विचार बहुधा वळवाच्या दिवसांत होतो. डावीकडून आलेला झोत साइड स्टँडवरच्या गाडीला तिच्या कमकुवत बाजूला ढकलतो. धूळ-पावसापासून वाचवण्यासाठी घातलेले सैल कव्हर फुगते आणि वाऱ्याला धरायला मोठा पृष्ठभाग देते. कव्हर खालून बांधणे, गाडीची उजवी बाजू भिंतीजवळ ठेवणे आणि डबल स्टँड वापरणे हे यावरचे साधे उपाय आहेत.

रांगेतल्या गाड्या

एकटी स्कूटर पडली तर एकाचे नुकसान. रांगेतली पडली तर मागोमाग सगळ्यांचे. साइड स्टँडवरच्या रांगेत सगळ्या गाड्या डावीकडे कललेल्या असतात. एखादी डावीकडे ढकलली गेली तर ती शेजारणीला तिच्या स्टँडच्याच दिशेने रेटते आणि शेजारीण तो भार सहसा पेलते. एखादी उजवीकडे पडली तर शेजारची गाडी स्टँडवरून उचलली जाते आणि तिला अडवणारे काहीच उरत नाही. रांगा उजवीकडे कोसळतात त्या यामुळे. मध्ये मध्ये डबल स्टँडवरची गाडी असली तर लाट तिथे अडण्याची शक्यता वाढते.

लाटेची सुरुवात बहुतेक वेळा गाडी बाहेर काढताना होते. स्कूटरची रुंदी हँडलसह सुमारे ७० सेंटिमीटर असते. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केलेल्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत दुचाकीसाठी १ मीटर बाय २ मीटर जागा धरली आहे. या हिशेबाने दोन गाड्यांत ३० सेंटिमीटर मोकळे राहतात, म्हणजे माणूस आडवा होऊन आत शिरू शकतो. हा हिशेब नव्या बांधकामांच्या वाहनतळासाठी आहे. जुन्या पेठेत, बसस्थानकाबाहेर किंवा महाशिवरात्रीला परळीच्या वैद्यनाथ मंदिराजवळ तो कोणी पाळू शकत नाही. तिथे हँडल हँडलात अडकते, एक गाडी ओढली की दुसरी हलते.

गर्दीच्या वाहनतळांवरचे रखवालदार यावर आपापली रीत पाळतात. काही जण सगळ्यांना डबल स्टँड सक्तीचा करतात. काही जण हँडल लॉक करू देत नाहीत, कारण गाडी सरकवून जागा करता आली पाहिजे. दुसरी रीत मालकांना खटकते, कारण हँडल लॉक नसणे म्हणजे चोराला आमंत्रण आणि पुढचे चाक सैल राहणे. गाडी सरकवणारा माणूस ती परत लावताना स्टँड पूर्ण लावेलच असेही नाही. तैवानच्या शहरांत, जिथे स्कूटरची घनता फार मोठी आहे, रस्त्यावर पांढऱ्या रेषांनी प्रत्येक गाडीचा चौकोन आखून सरळ उभ्या गाड्यांची रांग लावण्याची पद्धत रूढ आहे. आखलेली जागा आणि सरळ उभी गाडी या दोन गोष्टी तिथे एकमेकींना धरून चालतात.

कायदा आणि जबाबदारी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये “कलंडणे” हा स्वतंत्र विषय नाही, पण जवळची तीन कलमे आहेत. कलम १२६ नुसार सार्वजनिक ठिकाणी चालकाविना गाडी सोडताना इंजिन बंद करून ब्रेक लावणे, किंवा ती आपोआप हलणार नाही अशी अन्य व्यवस्था करणे आवश्यक आहे. ब्रेकच्या कुलपाची ती दुर्लक्षित क्लिप याच तरतुदीशी जाऊन मिळते. कलम १२२ इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशा स्थितीत गाडी सोडण्यास मनाई करते. कलम ११७ वाहनतळाच्या जागा ठरवण्याचा अधिकार राज्य शासन किंवा त्याने नेमलेल्या प्राधिकरणाला, स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून, देते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२३ मागे बसणाऱ्यासाठी हाताने धरायची पक्की कडी सक्तीची करतो. ती कडी डबल स्टँडवर गाडी चढवतानाही हाताला लागते, हा त्या नियमाचा आनुषंगिक फायदा.

पैसे घेऊन गाडी ठेवणाऱ्याची जबाबदारी हा वेगळा प्रश्न आहे. “गाड्या मालकाच्या जबाबदारीवर” ही पाटी सर्वत्र दिसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ताजमहाल हॉटेलच्या प्रकरणात असे ठरवले, की पाहुण्याची गाडी किल्लीसह ताब्यात घेतलेल्या हॉटेलला आपल्या निष्काळजीपणाची जबाबदारी अशा सूचनेआड लपून टाळता येत नाही. ते प्रकरण कारच्या चोरीचे होते. किल्ली मालकाकडेच असलेल्या आणि दुसऱ्याने हलवताना पडलेल्या स्कूटरला तो न्याय कितपत लागू व्हावा, हा प्रश्न त्यातून सुटत नाही. नुकसान स्वतःच्या विम्यातून मिळते ते पॉलिसीत गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण असेल तरच. केवळ तृतीय पक्ष विम्यात ते येत नाही.

यंत्राकडून अपेक्षा

माणसाच्या सवयीवर विसंबण्यापेक्षा गाडीनेच चूक अडवावी, असे मानणारा एक प्रवाह गेल्या काही वर्षांत पुढे आला आहे. २०१९ मध्ये आलेल्या अ‍ॅक्टिवा १२५ च्या नव्या आवृत्तीत साइड स्टँड खाली असेल तर इंजिन सुरू न होण्याची सोय होती. ती आता अनेक गाड्यांत आहे आणि विजेवरच्या स्कूटरमध्ये तर नेहमीची झाली आहे. ही सोय निघतानाची चूक अडवते. उभ्या गाडीचा तोल तिने वाढत नाही. उलट सवय अशी लागते की इंजिन बंद करायला चालक नुसता स्टँड टाकतो आणि किल्ली तशीच राहते. काही विजेच्या गाड्या अशा वेळी पूर्ण बंद झालेल्या नसतात, म्हणून मुलांच्या हाती अ‍ॅक्सिलरेटर लागण्याचा धोका उरतो.

विजेच्या स्कूटरने तोलाचे गणितही बदलले आहे. बजाजने २०२० मध्ये चेतक हे नाव विजेच्या गाडीला देऊन परत आणले. अशा गाड्यांत बॅटरी बहुधा पायाखाली असते, त्यामुळे गुरुत्वमध्य खाली येतो आणि तोल सुधारतो. एकूण वजन मात्र काही मॉडेलमध्ये जास्त असते. अशी गाडी डबल स्टँडवर चढवणे आणि पडल्यावर उचलणे दोन्ही जड जाते. मागे घेण्यासाठी मोटारीची मदत देणारी सोय यासाठीच उपयोगी पडते. तोंड चढाकडे करून लावणे तिने सोपे होते. याच्याही पुढे जाऊन मुंबईच्या लायगर मोबिलिटी या कंपनीने २०२३ च्या ऑटो एक्स्पोमध्ये थांबल्यावरही स्वतःचा तोल सांभाळणारी विजेची स्कूटर दाखवली. सिग्नलवर पाय टेकण्याची गरज ती दूर करते. तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या गाडीला मात्र वीज न खाणारा स्टँड लागणारच.

एकमत आणि अनिर्णित मुद्दे

एकमत आहे ते असे. थोड्या वेळासाठी आणि कठीण सपाट जमिनीवर साइड स्टँड चालतो. लांब मुक्काम, वारा आणि दाट रांग असेल तर डबल स्टँड बरा. साइड स्टँडवर हँडल डावीकडे वळवून लॉक करावे, मागच्या ब्रेकचे कुलूप लावावे आणि गाडीवर बसू नये. उतारावर तोंड चढाकडे ठेवावे. पुढचे जड सामान गाडी स्टँडवर लावण्याआधी उतरवावे. मऊ जमिनीत पायाखाली काही तरी सपाट ठेवावे. स्टँडची स्प्रिंग, पिन आणि बुश सर्व्हिसिंगच्या वेळी तपासून घ्यावे. पडलेली गाडी उचलल्यावर पेट्रोल गळते आहे का ते आधी पाहावे आणि लगेच सुरू करू नये.

अनिर्णित मुद्दे चार आहेत. पहिला मोजमापाचा : देशातल्या वार्षिक अपघात अहवालात उभी दुचाकी कलंडून झालेली इजा हा स्वतंत्र प्रकार धरला जात नाही, त्यामुळे कोणता स्टँड किती सुरक्षित याची चर्चा अनुभवावर चालते. दुसरा मानकांचा. चाचणीतला उतार कठीण फळीचा आणि गाडी बिनसामानाची असते. मऊ जमीन आणि मागेपुढे बांधलेले पोते यांचा त्यात समावेश करावा का, यावर दोन मते आहेत. करावा म्हणणारे ग्रामीण वापराकडे बोट दाखवतात. नको म्हणणारे सांगतात की जमिनीचे प्रकार इतके आहेत की एकसारखी चाचणी ठरवणे अवघड, आणि मोठ्या पायाचा स्टँड वळणावर रस्त्याला आधी घासेल. तिसरा मुद्दा श्रमाचा : डबल स्टँडवर गाडी चढवायला लागणारा जोर किती असावा, तो कमी उंचीच्या आणि वयस्कर चालकांना झेपावा यासाठी स्टँडची रचना बदलावी की साइड स्टँडच अधिक भक्कम करावा, याचे उत्तर कंपन्यांनी वेगवेगळे दिले आहे. चौथा मुद्दा जबाबदारीचा : वाहनतळावर दुसऱ्याने हलवलेली गाडी पडली तर भरपाई कोणी द्यायची. पावतीवर गाडी लावण्याची स्थिती आणि हलवण्याची परवानगी लिहिली जात नाही तोवर हा वाद प्रत्येक वाहनतळावर मालक आणि रखवालदार यांच्यातच मिटवला जातो.